दहा दिवसांची सहल की वर्षभराचं घर?

भुसावळहून वरणगावच्या रस्त्याला लागलं की फेकरीजवळ औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसू लागतात. दीपनगर ही या केंद्राची वसाहत. इथली मुलं कोळशाच्या वाघिणी मोजत मोठी होतात, दहावी-बारावी करतात आणि त्यातली बरीचशी पुण्या-मुंबईच्या वाटेला लागतात. परदेशी जाणारीही कमी नाहीत, पण ती जात आली इंजिनिअरिंगनंतर, विशी ओलांडल्यावर. गेल्या काही वर्षांत हे वय झपाट्याने खाली आलं आहे. आठवी-नववीच्या वर्गात चकचकीत पत्रकं वाटली जातात. ‘शैक्षणिक दौरा’, ‘विद्यार्थी देवाणघेवाण’, ‘नासा भेट’ असे मथळे असतात आणि खाली पहिला हप्ता भरायची तारीख.

अशाच एका पत्रकावरून दोन माणसांचं जे बोलणं झालं, ते मी इथे मांडतो आहे. सर भुसावळच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. ताई त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता केंद्राच्या प्रयोगशाळेत नोकरीला, मुलगी नववीत. वसाहत त्यांना याच नावांनी ओळखते, म्हणून मीही तीच ठेवली आहेत.

ताई : सर, साडेतीन लाख आहेत. दहा दिवस. ऑरलँडो, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क. शाळेचे दोन शिक्षक सोबत. पैशाची सोय आम्ही केली आहे. पोरीचा पासपोर्टसुद्धा आला, जळगावच्या पोस्टातल्या सेवा केंद्रात जाऊन केला. दोघांच्या सह्यांचं घोषणापत्र दिलं, काही अडलं नाही. तुमचं मत तेवढं हवं आहे.

सर : मत नंतर. आधी दिवसवार वाचून दाखव.

ताई : पहिले दोन दिवस प्रवास. तिसरा दिवस नासा, दुपारी प्रमाणपत्र वितरण. चौथा-पाचवा दिवस थीम पार्क. सहावा दिवस खरेदी. मग वॉशिंग्टन, मग न्यूयॉर्क. शेवटचा दिवस परतीचा.

सर : म्हणजे नासाला एक दिवस आणि खरेदीला एक दिवस. आणि ते नासा म्हणजे तरी काय? केनेडी स्पेस सेंटरचं पर्यटक संकुल. डेलावेअर नॉर्थ नावाची खासगी कंपनी ते चालवते. तिकीट काढलं की कोणीही आत जातो. प्रमाणपत्र नासाचं नाही माय, सहल कंपनीचं. हंट्सव्हिलचं ते प्रसिद्ध स्पेस कॅम्प आहे ना, १९८२ पासून चालू असलेलं, तेसुद्धा नासाचं नाही. अलाबामा राज्याच्या अवकाश संग्रहालयाचं आहे.

ताई : तिकीट तर मुंबईच्या नेहरू तारांगणालाही लागतं, सर. तुम्हीच नेलं होतं आम्हाला. तिकीट होतं म्हणून काही मी कमी शिकले का? त्या संकुलात खरं सॅटर्न-५ रॉकेट आडवं ठेवलेलं आहे, एकशे दहा मीटरचं. खरं अटलांटिस यान आहे. पोरगी त्याच्याखाली उभी राहील. त्याची किंमत तुम्ही कशी लावणार?

सर : नाही लावत. मी म्हणतो, पत्रकात खरं लिहा. ‘तिकीट काढून संग्रहालय दाखवू’ असं लिहा. मग साडेतीन लाखांचा विचार करायला पालक मोकळा राहील.

इथे ताई थोड्या थांबल्या, कारण पत्रकावर निळ्या अक्षरांत ‘नासाकडून निवड’ असे शब्द होते. निवड कसली झाली होती? वर्गात एक वीस प्रश्नांची चाचणी झाली आणि ज्यांनी ती दिली ते सगळे निवडले गेले. मला ही बाब साधी वाटत नाही. मुलाला ‘तुझी निवड झाली’ हे सांगितलं की बापाला नाही म्हणणं अवघड जातं. ज्याची ऐपत नाही, तो सोसायटीचं कर्ज काढतो. शाळेचा शिक्का आणि मुलाचा आनंद यांच्या मधोमध बसवून पैसे मागितले जातात. खरी निवड आणि विक्रीसाठी केलेली निवड यातला फरक शाळेने पालकांना सांगायचा असतो, आणि नेमकं ते काम शाळा करत नाहीत.

सर : सोबतचे दोन शिक्षक कोणाच्या खर्चाने जाणार?

ताई : कंपनीच्या. ठरावीक मुलांमागे एक शिक्षक मोफत.

सर : मग तो शिक्षक मुलांचा राखणदार राहिला का? मुलं भरली तरच त्याचं तिकीट पक्कं होणार. दहा मुलं नको म्हणाली की त्याचं विमान चुकणार. असा माणूस पालकसभेत उभा राहून धोके सांगेल का?

ताई : हे मात्र मी विचारात घेतलं नव्हतं.

सर : मी एसटीच्या लाल गाडीने सहली काढल्या. निम्म्या भाड्याची सवलत मिळायची. तरी दहा मुलांमागे एक शिक्षक, मुली असतील तर शिक्षिका, आणि शिक्षकाचा खर्च शाळेच्या खात्यातून, हे मी कधी सोडलं नाही. १ फेब्रुवारी २०१६ ची मुरुडची गोष्ट आठवते ना? पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल, १४ मुलं समुद्रात बुडाली. त्यानंतर शिक्षण खात्याने नियम कडक केले. पालकांचं संमतीपत्र, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, समुद्र-नदी-विहिरीपासून लांब राहायचं. आणि तरीही २०२४ च्या जानेवारीत वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. नियम नव्हते म्हणून नाही गेल्या, नावेत किती जण बसवायचे आणि जाकीट कोणी घातलंय हे पाहणारा माणूस तिथे नव्हता म्हणून गेल्या. हे आपल्या देशात. सात समुद्रांपलीकडे कोण पाहणार?

ताई : मग काय करायचं? दार लावून बसायचं? सर, मी पहिल्यांदा पुण्याला गेले तेव्हा पहिलं वर्ष वर्गात तोंड उघडलं नाही. मार्क होते, पण लोकांसमोर उभं राहायची सवय नव्हती. माझ्या पोरीच्या वाट्याला ते येऊ नये. काउंटरवर स्वतःचा बोर्डिंग पास घेणं, अनोळखी माणसाला रस्ता विचारणं, हे तिने आत्ताच केलं पाहिजे. आणि ज्यांच्या आईबापांनी जग पाहिलंय त्यांची मुलं जाणारच आहेत. मागे राहतील ती दीपनगरची आणि फेकरीची.

सर : फेकरीचं नाव घेतलंस ते बरं केलंस. तुझ्या पोरीच्या वर्गात कंत्राटी कामगारांची मुलं किती?

ताई : निम्मी तरी असतील.

सर : त्यातली किती जाणार?

ताईंनी उत्तर दिलं नाही. मला सरांचा हा मुद्दा सगळ्यात जड वाटतो. शाळेच्या नावाने सहल निघते, शाळेच्या फाटकावर फलक लागतो, वार्षिक अंकात फोटो येतो, आणि ती सहल असते वर्गातल्या सात-आठ घरांची. सरकारी पगाराच्या घरातलं पोर जातं, त्याच बाकावरचं कंत्राटी कामगाराचं पोर फोटो पाहतं. ज्यांना आपल्या पैशाने जायचं आहे त्यांनी खुशाल जावं, सुट्टीत, आईबापांसोबत. शाळेने त्याला आपलं नाव देऊ नये.

पण ताई एवढ्यावर गप्प बसणाऱ्या नाहीत.

ताई : गरिबाच्या पोराला नेता येत नाही असं कुठे आहे? पुणे जिल्हा परिषदेने २०२५ मध्ये काय केलं? आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मदतीने परीक्षा घेतली. जिल्हा परिषदेच्या शाळांमधली ७५ मुलं निवडली. ५० इस्रोला, २५ अमेरिकेला नासा पाहायला. शेतमजुरांची, छोट्या शेतकऱ्यांची पोरं होती ती. ज्यांनी आगगाडीसुद्धा पाहिली नव्हती ती विमानात बसली. खर्च जिल्हा परिषदेचा. जळगाव-धुळ्याला हे का जमू नये?

सर : जमावं. त्याला माझी हरकत नाही. तिथे निवड खरी आहे, पैसा सार्वजनिक आहे आणि काही झालं तर जबाबदार कोण हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पंचवीसच गेले ना? बाकीच्या हजारोंना शाळेत प्रयोगशाळा कधी मिळणार, हा प्रश्न मी विचारतच राहणार.

ताई : विचारा. पण पंचवीस जणांचं विमान थांबवून ती प्रयोगशाळा उभी राहणार नाही.

या ठिकाणी मी ताईंच्या बाजूचा आहे. पंचवीस मुलांना पाठवलं म्हणून हजारोंचं काही हिरावलं जात नाही. उलट गावातलं एक पोर जाऊन आलं की शेजारच्या दहा पोरांना परीक्षा द्यावीशी वाटते.

मग बोलणं वळलं ते खऱ्या देवाणघेवाणीकडे, आणि दोघांनी नकळत जागा बदलल्या. दहा दिवसांच्या सहलीला नाक मुरडणारे सर वर्षभरासाठी मूल पाठवायला तयार निघाले. दहा दिवसांसाठी हट्ट धरणाऱ्या ताई वर्ष म्हटल्यावर हादरल्या.

सर : पाठवायचंच असेल तर वर्षभर पाठव. अनोळखी घरात राहू दे. त्यांच्या स्वयंपाकघरात भांडी घासू दे, त्यांच्या शाळेत बसू दे, आजारी पडू दे, रडू दे आणि सावरू दे. दुसऱ्या महायुद्धात जखमींना नेणारे अमेरिकन रुग्णवाहिका-चालक होते ना, त्यांनी १९४७ मध्ये शाळकरी मुलांची देवाणघेवाण सुरू केली. आजची एएफएस संस्था ती. युद्ध पाहिलेल्या माणसांना वाटलं, पोरं एकमेकांच्या घरात जेवली तर पुढे एकमेकांवर गोळ्या झाडणार नाहीत. रोटरीचाही तसाच कार्यक्रम आहे. बसच्या खिडकीतून हे होत नाही.

ताई : सर, पंधरा वर्षांची पोरगी! अनोळखी पुरुषांच्या घरात! तुम्ही काय बोलता?

सर : आनंदीबाई जोशी अठराव्या वर्षी डॉक्टरी शिकायला अमेरिकेला गेल्या. १८८३ साली. रोझेलच्या कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या, नऊवारी नेसून, आपलं जेवण सांभाळून.

ताई : तुम्ही अर्धीच गोष्ट सांगताय. कार्पेंटरबाईंनी दातांच्या डॉक्टरकडे वाट बघताना मासिकात आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचं पत्र वाचलं, ते १८८० साली. मग तीन वर्षं पत्रं चालली. आनंदीबाई गेल्या त्या ओळखीच्या घरी. आणि पुढे फिलाडेल्फियात ते घर सुटलं, थंडी आणि वाईट खोली वाट्याला आली, तब्येत ढासळली. १८८६ च्या मार्चमध्ये पदवी, १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात मृत्यू. घर चांगलं होतं तोवर तब्येत होती. मला माझ्या पोरीचं यजमान घर तीन वर्षं नको, पण तीन महिने आधी तरी कळलं पाहिजे. घरात कोण कोण आहे, कोणाची खोली कुठे, दाराला आतून कडी आहे का.

सर हसले नाहीत, आणि ते बरं झालं. आईच्या या प्रश्नांना कोणी हसू नये, कारण जे देश हा कार्यक्रम मनापासून चालवतात त्यांनी हेच प्रश्न कायद्यात घातले आहेत. अमेरिकेत जे-१ व्हिसावर शाळकरी मूल घेणाऱ्या संस्थेला तिथल्या परराष्ट्र खात्याची मान्यता लागते. मूल १५ ते साडेअठराच्या दरम्यानचं असावं लागतं. यजमान कुटुंबाची त्यांच्याच घरी जाऊन मुलाखत घ्यावी लागते, आणि घरातल्या १८ वर्षांवरच्या प्रत्येक माणसाची गुन्हेगारी नोंद तपासावी लागते. यजमानाला मूल ठेवून घेण्याचे पैसे मिळत नाहीत, म्हणजे कमाईसाठी कोणी दार उघडत नाही. स्थानिक समन्वयकाने महिन्यातून किमान एकदा मुलाशी स्वतः संपर्क ठेवायचा असतो. मुलाच्या खिशात परराष्ट्र खात्याच्या मदत-क्रमांकाचं कार्ड असतं. रोटरीत यजमान कुटुंबाबाहेरचा एक समुपदेशक मुलाला दिला जातो, म्हणजे घराविरुद्ध तक्रार करायची तर ती घरातल्याच माणसाकडे करावी लागू नये. गैरवर्तनाची तक्रार ७२ तासांत वरपर्यंत कळवायची असते. मुलांनाही बंधनं असतात : गाडी चालवायची नाही, दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, प्रेमप्रकरण नाही.

ताई : एवढं सगळं असतं, हे आमच्या पत्रकात एका ओळीनेही नाही.

सर : कारण तुमच्या पत्रकात देवाणघेवाण नाहीच. सहल आहे. आणि करारनामा वाचलास का? मागच्या पानावर, बारीक अक्षरात.

ताईंनी तो वाचून दाखवला. मी त्यातलं कलम इथे सोप्या भाषेत देतो : प्रवासात दुखापत, आजार, चोरी, हरवणं किंवा मृत्यू झाल्यास कंपनी, तिचे कर्मचारी आणि शाळा जबाबदार राहणार नाहीत, आणि पालक कोणताही दावा करणार नाहीत. खाली पालकाची सही, आईची वेगळी, वडिलांची वेगळी. फोटोची जागासुद्धा होती. सगळं हातातून सोडून दिल्याचा तो कागद होता, आणि त्यालाच संमतीपत्र असं नाव दिलेलं होतं.

सर : संमतीपत्रावर पालक जे लिहून देतो ते शाळा काय लिहून देते याच्या बदल्यात असलं पाहिजे. रात्री खोलीवर कोण? मुलं कोणाबरोबर झोपणार? एकटा मोठा माणूस एकट्या मुलासोबत बंद खोलीत असणार नाही, हे लिहून द्या. पासपोर्ट शिक्षकाकडे राहिला तर झेरॉक्स आणि दूतावासाचा क्रमांक मुलाकडे. फोन काढून घ्यायचा नाही. आणि सोबतचा कोणी गैर वागला तर? भारतीय माणसाने परदेशात केलेला गुन्हाही आपल्या न्याय संहितेच्या कक्षेत येतो. पोक्सो कायद्यात तर अशी गोष्ट कळली की ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, झाकून ठेवणंच गुन्हा. हे पालकसभेत मोठ्याने सांगा.

ताई : आणि विमा. शेंगेन देशांसाठी किमान ३० हजार युरोंचं कवच लागतं, ते मला ठाऊक आहे. कारण त्या पत्रकात युरोपचाही पर्याय होता आणि त्यात व्हिसाची फी धरली होती. मी नियम काढून पाहिला. शाळेच्या अभ्यासभेटीला जाणारे विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक यांना शेंगेन व्हिसाची फी माफ आहे. सेवा केंद्राचा आकार लागतो तेवढाच. मग ते पैसे कशाचे घेतले?

सर : (खुशीत) आता बोललीस! याला अभ्यास म्हणतात.

सामानाच्या बाबतीत दोघांचं चटकन एकमत झालं, पण एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपल्याकडे मूल परगावी निघालं की आजी डबा भरते. अनारसे असतील तर त्यावर खसखस. हीच खसखस दुबईत अमली पदार्थांत मोजली जाते, आणि चिमूटभर सापडली तरी माणूस अडचणीत येतो. सिंगापूरही तिच्याबाबत कडक आहे. जपानमध्ये आपल्याकडच्या सर्दीच्या काही गोळ्या चालत नाहीत, कारण त्यातलं स्यूडोएफेड्रिन तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त असतं. ऑस्ट्रेलियात घरचं खाणं जाहीर न करता नेलं तर दंड. परदेशी जाणाऱ्या मुलांच्या पालकांना कपड्यांची यादी मिळते, ही यादी मिळत नाही. औषधांसोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी हवी, हेही फार कमी शाळा सांगतात.

ताई : समजा वर्षभर पाठवली. अकरावीचं काय? इथे प्रवेश, शिकवणी, पुढे जेईई. वर्ष जाणार.

सर : जाऊ दे. माझ्या हातून हजारो मुलं गेली माय, पण एक वर्ष उशिरा इंजिनिअर झाला म्हणून कोणाचं काही बिघडलेलं मी पाहिलं नाही. मात्र परत आल्यावर कोणत्या वर्गात बसवणार, हे महाविद्यालयाकडून आणि मंडळाकडून निघण्याआधी लेखी घे. तोंडी शब्दावर जाऊ नको.

ताई : तुम्हाला म्हणायला सोपं. आमच्या घरात वर्ष म्हणजे वर्ष.

इथे दोघांचं जुळलं नाही, आणि जुळायला हवंच असं मला वाटत नाही. ताईंच्या घरात त्यांचीच एक पिढी पगारदार आहे. मागे शेती नाही, पुढे वडिलोपार्जित काही नाही. वर्ष गमावायची भीती तिथे खरी आहे. सरांचं म्हणणंही पोकळ नाही. पण या प्रश्नाचा निकाल प्रत्येक घराने आपापला लावायचा आहे. शाळेने किंवा संस्थेने ‘वर्ष वाया जात नाही’ असं सरसकट सांगून पालकाला ढकलू नये.

मग सरांनी जो प्रश्न काढला, त्याची मी वाटच पाहत होतो.

सर : देवाणघेवाण म्हणतेस, तर घेवाण कुठे आहे? रोटरीच्या कार्यक्रमात तुझं मूल जातं तेव्हा तिकडचं मूल इकडे येतं. त्याला तू घरात घेशील? दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात, राखेची धूळ उडत असताना?

ताई : (जरा वेळाने) घेईन. कळण्याची भाकरी, भरीत, शेवभाजी खाऊ घालीन. तिखट लागलं तर दही देईन. केळीच्या बागेत नेईन रावेरकडे, हतनूरचं धरण दाखवीन. पण आमचीही तपासणी करा. माझ्या नवऱ्याची, माझ्या दिरांची. जसं मला तिकडचं घर तपासून हवंय, तसं त्या आईलाही हवं असेल.

सर : आणि ते मूल आलं की २४ तासांत ऑनलाइन कळवावं लागतं, परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला. वसाहतीच्या सुरक्षा विभागालाही सांगावं लागेल.

ताई : सांगीन.

ताईंचं हे ‘घेईन’ मला त्या सबंध संध्याकाळमधलं मोलाचं वाटलं. ज्या कार्यक्रमात फक्त आपलं मूल जातं आणि कोणीच येत नाही, त्याला देवाणघेवाण म्हणू नये. येणारं मूल दीपनगरला आलं तर त्याचा लाभ त्या सात-आठ घरांपुरता राहणार नाही. फेकरीच्या पोराच्या बाकावर जर्मनीचं किंवा ब्राझीलचं पोर बसेल. इंग्रजी त्यालाही मोडकंच येत असेल. ज्याच्या घरी पासपोर्ट नाही त्याच्याही वाट्याला जग येण्याची मला दिसणारी ही स्वस्तातली वाट आहे.

आणि खानदेशाला ही कल्पना परकी नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ पासून सहा वर्षं साने गुरुजी शिकवत होते, छात्रालयात मुलांसोबत राहत होते. पुढे आयुष्याच्या शेवटच्या काळात त्यांनी आंतरभारतीचा ध्यास घेतला. एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, त्यांच्यात राहावं. ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ उपक्रमात आज महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी आहे. सरांचं म्हणणं असं, की पंधराव्या वर्षी अमेरिकेत राहायचं असेल तर तेराव्या वर्षी आठवडाभर भुवनेश्वरच्या एखाद्या घरात राहून बघावं. रडू आलं तर रेल्वेने भुसावळला परत येता येतं. पुढच्या वर्षी पुन्हा जाता येतं. या सूचनेला ताईंनीही मान डोलावली.

ताई : पण सर, पैशावाचून परदेशी जायची एकही वाट नाही का? खरीखुरी?

सर : आहे. आणि ती तुझ्या पोरीच्या शाळेच्या संगणकावरच आहे.

सर बोलत होते ते इन्स्पायर-मानक योजनेबद्दल. केंद्र सरकारचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग ती चालवतो. मुलाने स्वतः सुचवलेली एखादी उपयोगी कल्पना शाळेने ऑनलाइन पाठवायची. निवड झाली तर प्रतिकृती करायला मुलाच्या खात्यात १० हजार रुपये येतात. पुढे जिल्हा, राज्य, देश अशी प्रदर्शनं. देशपातळीवर चमकलेल्या काही मुलांना जपानच्या साकुरा विज्ञान कार्यक्रमात पाठवलं जातं, आणि तो खर्च पालकाच्या खिशातून होत नाही. साकुरा कार्यक्रम २०१४ पासून चालू आहे. राखेच्या ढिगाऱ्याशेजारी राहणाऱ्या, उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरमागे धावणाऱ्या, केळीचे खांब शेतात कुजताना पाहणाऱ्या मुलांकडे कल्पनांचा तुटवडा असेल हे मला पटत नाही. तुटवडा आहे तो त्या विचारून, लिहून घेऊन पाठवणाऱ्या शिक्षकाचा.

ताईंनी साडेतीन लाखांच्या त्या पत्रकावर अजून सही केलेली नाही, आणि नकारही कळवलेला नाही. शाळेला त्यांनी लेखी विचारलं आहे : शिक्षकांचा खर्च कोण करणार, जबाबदारीचं कलम बदलणार का, आणि ‘निवड’ हा शब्द पत्रकातून काढणार का. माझ्या मते प्रत्येक पालकाने पहिला हप्ता भरण्याआधी हे तिन्ही प्रश्न लेखी विचारावेत, आणि उत्तर लेखी आल्याशिवाय पैसे भरू नयेत. भुसावळ-जळगावच्या रोटरी क्लबांनी यंदा एक संध्याकाळ दीपनगरला यावं, देवाणघेवाणीची खरी नियमावली मराठीत समजावून सांगावी आणि यजमान व्हायला कोण तयार आहे हे विचारावं. एक घर तर नक्की हो म्हणेल. आणि जळगाव-धुळ्याच्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे, की परदेश सहलीची पत्रकं वाटण्याआधी इन्स्पायर-मानकच्या संकेतस्थळावर आपल्या शाळेची नोंदणी आहे का ते पाहावं. एका शाळेला पाच कल्पना पाठवता येतात आणि त्यासाठी एक रुपयाही फी लागत नाही.